हवा खाणारा पंप

वाशीम जिल्ह्यात पडलेल्या पावसाला दोन समुद्र मोकळे आहेत. काटा गावाच्या शिवारात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला वळते, महानच्या धरणात थांबून अकोल्याची तहान भागवते, पूर्णेला मिळते आणि तापीच्या वाटेनं अरबी समुद्र गाठते. त्याच तालुक्यात उगवलेली अरुणावती मंगरूळपीर, मानोरा करत यवतमाळ जिल्ह्यात उतरते. तिचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असे हात बदलत बंगालच्या उपसागरात जातं. या पाणलोटाच्या पाठीवरून आम्ही दोघं एकशेवीस लिटर पाणी गाडीत घेऊन हिंडत होतो आणि त्यातलं भांडंभर पाणीही नळातून धड निघत नव्हतं.

गाडी म्हणजे मॅटेडोर. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, ऐंशीच्या दशकातली. या कंपनीचं नाव आता फोर्स मोटर्स झालं. शाळेची मुलं, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, बँडवाले, सगळं या गाडीनं वाहिलंय. पुढे तिचीच जागा ट्रॅव्हलरनं घेतली. आमची गाडी मूळची एका संस्थेचा फिरता दवाखाना. त्यामुळे तिच्यात बेसिन होतं, मागच्या बाकाखाली जस्ती पत्र्याची टाकी होती आणि औषधांची कपाटं होती. कपाटांत आता डाळ-तांदूळ असतात. गाडी नवऱ्याची, पाणी माझं, अशी आमची वाटणी आहे. इंजिनातून धूर आला की तो खाली उतरतो. नळ रुसला की मी बाकाखाली शिरते.

यंत्रणा तशी साधी. भरायचं तोंड गाडीच्या कुशीला, त्यावर पिळाचं झाकण. आत टाकी. टाकीच्या वरच्या अंगाला बोटाएवढी एक नळी, ती फरशीतून खाली उघड्यावर सोडलेली. पाणी कमी होईल तशी तिथून हवा आत येते. टाकीच्या बुडातून पाइप निघतो, जाळीतून पंपाकडे जातो. पंप बारा व्होल्टचा, डायफ्रॅमचा. त्याच्या डोक्यावर प्रेशर स्विच. नळ उघडला की दाब पडतो, स्विच लागतो, पंप घुरघुरतो. नळ बंद केला की दाब चढून तो आपोआप थांबतो. पुढे एक फाटा बेसिनला, एक छोट्या गिझरला, एक मागच्या दाराशी पाय धुवायला. परदेशात मोटारघरांवर जी पुस्तकं निघतात त्यांत थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून काय करावं याची लांबलचक प्रकरणं असतात. वऱ्हाडात त्यांचा उपयोग शून्य. आपले शत्रू म्हणजे गंज, क्षार, धूळ, आणि पुढे कळलं तो एक चौथा.

मेहकरला एका पेट्रोल पंपावर पाणी भरलं तेव्हाच टाकी नीट घेत नव्हती. दोन-तीन लिटर आत गेले की तोंडातून पाणी उसळून अंगावर येई. थांबत थांबत भरलं आणि जुन्या नागपूर रस्त्यानं मालेगावच्या दिशेला लागलो. समृद्धी महामार्ग जवळच आहे, पण आमच्या मॅटेडोरला तिथला वेग मानवत नाही आणि रस्त्यावरचं खेडंही दिसत नाही. पोळा दोन दिवसांवर आला होता. दुतर्फा सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, आणि जवळपास प्रत्येक धुऱ्यावर पाठीला पंप लावून फवारणारा एक तरी माणूस.

मुक्काम शिरपूरला केला. मालेगाव तालुक्यातलं हे गाव जैनांचं मोठं तीर्थ. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात हे मंदिर चार दशकं कुलूपबंद होतं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते पुन्हा उघडलं. एल राजाची आख्यायिका इथे सांगतात: त्वचारोगानं गांजलेल्या राजानं इथल्या पाण्यात हातपाय धुतले, रोग गेला आणि मग त्याच पाण्यातून मूर्ती निघाली. आम्हाला मात्र हातपाय धुवायला धर्मशाळेचा नळ गाठावा लागला, कारण गाडीतला नळ थुंकत होता. घोटभर पाणी, मग फुर्रकन हवा, मग पुन्हा घोटभर. रात्री तर सगळे नळ घट्ट बंद असताना पंप मधूनच टुक्क करून वाजे. पुन्हा शांतता. जरा डोळा लागतो तोच पुन्हा टुक्क.

ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, हे ध्यानात ठेवून सकाळी सुरुवात केली. नळ थुंकतो म्हणजे पंपाच्या अलीकडे, ओढण्याच्या बाजूला काहीतरी आहे. बंद नळावर पंप वाजतो म्हणजे पंपाच्या पलीकडे दाब कुठेतरी निसटतोय. आधी जाळी काढली. आत गंजाचे खवले, चहापत्तीसारखे. जस्ताचा थर गेला की जस्ती टाकी अशीच सोलत जाते. जाळी धुतली, धार वाढली, थुंकणं तसंच. मग मल्टिमीटर. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, पंपाच्या टोकाशी चालू असताना जेमतेम साडेदहा. दोन व्होल्ट वाटेत कोण खातंय ते शोधताना अर्थची वायर सापडली: जिथे ती बॉडीला बोल्टनं कसली होती तिथे हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर चढला होता. पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, व्हॅसलिन लावून पुन्हा कसली. पंपाचा आवाज लगेच खणखणीत झाला. आता तो जोरात थुंकू लागला.

मालेगावात विचारलं तर लोक पोळ्याच्या तयारीत. झुली, घुंगरं, बेगड, शिंगांना लावायचे रंग यांनी रस्ता भरलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशीही हत्याराला कोण हात लावणार? तेव्हा सण वाशीमला गाठायचा ठरवला आणि पाण्याचे दोन जार आत घेतले. वऱ्हाडात गावोगाव थंड पाण्याचे जार मिळतात. प्यायला आम्ही नेहमी तेच वापरतो, टाकीचं पाणी धुण्याभांड्याला.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इथेच मिळाला, आणि अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांचा काळ ज्याच्या नावाशी जोडला जातो तो हरिषेण याच शाखेचा. मोठं राज्य मागे टाकलेली गावं बहुतेक वेळा भिंती दाखवतात. वाशीम तीर्थं दाखवतं. परंपरा इथे एकशेआठ तीर्थं मोजते. आम्ही पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पोळ्याची संध्याकाळ, न्हाऊन-माखून सजलेले बैल, त्यांच्यामागे नवे सदरे घातलेली मुलं. जिल्हा म्हणून वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. शहर मात्र जिल्ह्याचं ठिकाण होण्याआधीच पुरेसं म्हातारं होतं.

कर संपली आणि बाजारपेठेत चौकशी सुरू केली. कॅरावॅन म्हटलं की लोक पुण्या-मुंबईकडे बोट दाखवत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरावॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या तळांची कल्पना आहे. आमच्या वाटेवर असा एकही तळ लागला नाही. खरं तर त्याची गरजही पडली नाही. एका कृषी केंद्राच्या मालकानं पंपाचं वर्णन अर्धवट ऐकूनच हात वर केला. "बारा व्होल्टचा ना? प्रेशर स्विचवाला? मग पलीकडच्या गल्लीत जा. फवारणी पंप दुरुस्तीवाला हाये."

गल्लीत निळ्या, पिवळ्या, हिरव्या टाक्यांचा ढीग लागला होता. पाठीवरचे सोळा लिटरचे बॅटरीपंप, फवारणीच्या हंगामात आजारी पडून आलेले. दुरुस्तीवाला तिशीचा, मांडीवर एक पंप उघडून बसलेला. आमचा पंप पाहून तो हसलाच. "हा तं आमच्याच घरचा हाये, ताई. थोडा जाडा आहे, बस." बाकी तेच: डायफ्रॅम, रबरी व्हॉल्व्ह, वर स्विच. जे यंत्र आम्ही मोटारघराचा खास भाग समजत होतो ते सोयाबीनच्या पट्ट्यात घरोघरी आहे, आणि या हंगामात हा माणूस ते रोज उघडतो.

त्यानं गाडीत शिरून आधी काहीच उघडलं नाही. "चालू करा." ऐकलं. "बंद करा." मग टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवला, आपल्याकडचा हातभर नवा पाइप लावला आणि त्याचं टोक पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवलं. नळ उघडला. भरघोस, सलग धार, एकही थुंकी नाही.

"पंपाले काही नाही झालं. पंप हवा खाऊन राह्यला."

"पण टाकी तर भरलेली आहे," नवरा म्हणाला.

"टाकी भरेल हाये भाऊ, पण पाण्याले यायला जड जाते अन् हवेले सोपं. मधात कुठंतरी भोक आहे. पाणी बाहेर सांडत नाही म्हणून दिसत नाही तुमाले."

ओढण्याच्या बाजूची गळती कोरडी असते. आत निर्वात असल्यानं पाणी बाहेर पडत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. फरशी पुसून पाहा, बोट फिरवा, काही लागत नाही. दाबाच्या बाजूला साबणाचा फेस लावून फुगे बघता येतात, इथे तीही युक्ती चालत नाही. त्यानं जुना पाइप परत जोडला, पंप चालू ठेवला आणि मगनं एकेका सांध्यावर पाणी ओतत गेला. टाकीजवळच्या क्लिपेवर पाणी पडताच थुंकणं थांबलं. ओतणं थांबवलं, थुंकणं परत सुरू. भोक हवेऐवजी तेवढा वेळ पाणी ओढत होतं. पाइप कापून काढला तर प्लॅस्टिक वाळून खापरासारखं झालेलं, आणि क्लिपेच्या दातांनी त्यात केसाएवढी चीर पाडलेली.

नवा पाइप पारदर्शक, दोऱ्याची जाळी असलेला घेतला; बुडबुडे यापुढे डोळ्यांनी दिसावेत म्हणून. प्रत्येक सांध्याला दोन क्लिपा, तोंडं उलटसुलट. मग मी रात्रीच्या टुक्कचं सांगितलं. त्यानं पंपाला लागून पुढे असलेला कॉक बंद केला आणि आम्ही तिघं कान लावून बसलो. टुक्क. म्हणजे पुढच्या नळांचा, सांध्यांचा, गिझरचा यात हात नव्हता. दाब पंपातूनच मागे टाकीत परत जात होता. डोकं उघडलं. रबरी व्हॉल्व्हच्या कडेला पांढरा खरखरीत थर, त्यामुळे तो पूर्ण बसतच नव्हता.

"बोअरचं पाणी भरता का?"

मिळेल ते भरतो, असं म्हटलं.

"मंग असंच होईन. नळाचं भरत जा, एकबुर्जीचं. बोअरमदी क्षार लय."

इथे खाली सगळा बेसॉल्ट. खडकाच्या भेगांतून मुरत जाताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. एकबुर्जीसारख्या धरणाच्या पाण्यात ते त्या मानानं कमी. ठिबकवाले शेतकरी हाच थर नळ्यांतून काढायला ॲसिड सोडतात. आमच्या व्हॉल्व्हला त्यानं ॲसिड लावलं नाही, कोमट पाण्यात लिंबूसत्व घोळवून त्यात बुडवून ठेवलं आणि तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दोन पंप उरकले.

त्याच्याकडे टेबलाखाली जुन्या पंपांतून काढलेल्या सुट्या भागांचा डबा होता. अगदी आमच्या मापाचा व्हॉल्व्ह त्यात दिसत होता. मी तो जोडीला मागितला तर त्यानं डबाच पायानं आत सरकवला. "त्याले औषध लागेल हाये, ताई. भांडे धुता ना या पाण्यानं?" मग सीलबंद पाकिटातला नवा संच काढून दिला. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. या भागात सुटा व्हॉल्व्ह वाचवण्याची हौस कुणाला नसावी हे योग्यच आहे. जाता जाता त्यानं भरायच्या तोंडाच्या झाकणातलं सडलेलं रबरही बदललं. पैसे चोख घेतले, पाइपचे वेगळे, मजुरी वेगळी. घासाघीस नवऱ्यानं केली आणि हरला.

टाकी आम्ही पूर्ण रिकामी केली, गंजाचे खवले हातानं काढले. टीसीएल पावडरचं पाणी करून ते सगळ्या नळांतून फिरवलं, रात्रभर ठेवलं, सकाळी सोडून दिलं आणि वास जाईपर्यंत दोनदा टाकी धुतली. टीसीएल म्हणजे गावच्या टाकीत जलसुरक्षक टाकतो तीच पावडर. मग एकबुर्जीच्या नळाचं पाणी भरलं. भरताना ते तसंच उसळलं. पण धार आता अशी आली की मंगरूळपीरला पोचेपर्यंत मी गरज नसताना दोनदा हात धुतले.

मंगरूळपीर ओलांडून मानोऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि पोहरादेवीला थांबलो. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान, बंजारा काशी म्हणतात. सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ इथे आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारशाचं मोठं संग्रहालय सुरू झालंय. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखामुलुखातून लमाणांचे तांडे फिरत. चालत्या घराची सवय इतक्या पिढ्यांची असलेल्या लोकांत आमच्या गाडीचं कौतुक कुणाला वाटलं नाही, हे मला फार आवडलं. एक म्हातारी गाडीत डोकावली. बिछाना पाहिला, शेगडी पाहिली आणि विचारलं, "पानी कुठं ठेवता?"

तिला नळ उघडून दाखवला. धार आली, मग बारीक झाली, मग पंप धापा टाकू लागला. बाकाखालून एकदम डब्ब असा आवाज आला, रिकामा डबा दाबल्यासारखा.

पारदर्शक पाइपात एकही बुडबुडा नव्हता. म्हणजे हवा शिरत नव्हती. पाणीही येत नव्हतं. मी बाहेर जाऊन टाकीचं झाकण पिळलं तर ते सुटेना. जोर लावल्यावर फुस्स करून हवा आत गेली आणि बाकाखाली पत्रा पुन्हा डब्ब करून जागेवर आला. आत पंप खणखणीत. झाकण लावलं, दोन मिनिटांत पुन्हा धाप.

टाकीला श्वास घ्यायला जागा नव्हती. मेहकरपासून भरताना पाणी उसळत होतं ते याचसाठी: आतली हवा बाहेर जात नव्हती. पण तोवर झाकणाचं रबर सडकं होतं आणि पाइपला चीर होती, त्यामुळे कुठून ना कुठून हवा मिळे आणि टाकीवर ताण येत नसे. वाशीमला दोन्ही छिद्रं नीट बुजली आणि तिसरं दुखणं उघडं पडलं. जुन्या गाडीत एक बिघाड दुसऱ्याला टेकू देऊन उभा असतो. टेकू काढला की दुसरा पडतो. म्हणून दुरुस्तीनंतर आलेल्या नव्या दुखण्याचा दोष दुरुस्त करणाऱ्याला देण्यात अर्थ नसतो.

फरशीखाली सरपटत जाऊन हवेच्या नळीचं टोक शोधलं. तोंडात मातीचा बूच, गुळगुळीत, बोटानं लिंपलेला वाटावा असा. कुंभारमाशी. पावसाळ्यात ओली माती मुबलक, आणि बोटाएवढी नळी तिला आयतं घर. तारेनं कोरून काढलं तर आत हिरव्या अळ्या कोंबलेल्या, मेलेल्या नाहीत, नुसत्या बधिर. माशी डंख मारून त्यांना सुन्न करते आणि आपल्या पिल्लासाठी ताजं अन्न म्हणून साठवते. म्हातारी वाकून बघत होती. शेतातल्या अळ्या वेचणारी माशी म्हणून तिला तिचं अप्रूप, मला तिचा राग. नळी मोकळी झाली, वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा दुहेरी घालून तारेनं आवळला. मग पंधरा मिनिटं नळ सोडून ठेवला. धार ढळली नाही. म्हातारीनं आपली कळशी भरून घेतली. प्यायला नको, एवढं मी तिला सांगितलं.

तिथून कारंजा लाड. नरसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे गुरुमंदिराशी गर्दी. मला मात्र स्टेशन बघायचं होतं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज शकुंतला रेल्वे कारंज्यावरून जाई. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. वऱ्हाडच्या जड पाण्यावर सत्तर वर्षं बॉयलर चालवणारे फिटर नळ्यांतला थर कशानं खरवडत असतील, हा प्रश्न मला त्या रुळांपेक्षा जास्त ओढत होता, कारण आमचा गिझर अजून उघडायचा होता.

तो त्याच दुपारी उघडला. तापणारी कांडी दिसतच नव्हती. तिच्याभोवती क्षाराचं अंगठ्याएवढं जाड वेष्टण. लिंबूसत्वानं वरचा थर फसफसला, आतला ढिम्म. हातोडीनं ठोकायचा मोह नवऱ्याला झाला, मी आवरला. त्या वेष्टणाखाली तांब्याची नळी शाबूत आहे याची खात्री कुणी द्यावी? गावातल्या ठिबकच्या दुकानातून दोन जोडण्या आणि हातभर पाइप आणला, गिझरला वळसा घालून थंड पाणी सरळ पुढे नेलं आणि गिझर खोक्यात बांधून ठेवला. अंघोळीचं पाणी आता शेगडीवर तापतं. यवतमाळला कुणी कांडी बदलून देतं का ते बघू. नाही तर वर्ध्याला.